मुलांना घेऊन यांगशुओला जाताय ना, मग चारही रात्री एकाच नदीकाठी राहा

पत्र : ताई, माझे मिस्टर किचनवेअरच्या बिझनेसमध्ये आहेत आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी चीनमधल्या ग्वांगझौच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला जातात. या वेळी त्यांचं काम ४ नोव्हेंबरला संपतंय आणि मुलांना दिवाळीची सुट्टी आहे, म्हणून मी, मुलगी (९ वर्षं), मुलगा (५ वर्षं) आणि सासूबाई (६७) तिकडे जाऊन पुढे यांगशुओ बघावं असा विचार आहे. ते डोंगर आणि ती नदी मी फोटोत बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये. एजंटने चार रात्रींचं पॅकेज दिलंय, पहिला दिवस गुइलिन शहर आणि गुहा, दुसऱ्या दिवशी चार तासांची क्रूझ, मग यांगशुओच्या मार्केटमधलं हॉटेल, तिसऱ्या दिवशी लोंगजीची डोंगरावरची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आणि परत. मुलाला गाडी लागते, सासूबाई पक्क्या शाकाहारी आणि गुडघ्यांचा त्रास. जाऊबाई म्हणतात लहान मुलांना नदी-डोंगरात काय कळतंय, त्यापेक्षा डिस्नेलँडला न्या. खरंच मुलं बोअर होतील का? नदीत बोटीत बसवणं सेफ आहे का? काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

सगळ्यात आधी मुख्य उत्तर देऊन टाकते, जा. नक्की जा, पण या पॅकेजने जाऊ नका. त्या चार दिवसांत तुमचा मुलगा निम्मा वेळ गाडीत असेल, सासूबाई निम्मा वेळ पायऱ्यांवर असतील आणि ज्या नदीसाठी तुम्ही एवढ्या लांब जाताय ती तुम्हाला बोटीच्या काचेतून आणि हॉटेलच्या पाठीमागून दिसेल. लहान मुलांबरोबर यांगशुओ बघायचं असेल तर एकच गोष्ट मनापासून सांगते, एक मुक्काम धरा, तो नदीकाठचा धरा आणि चारही रात्री तिथेच राहा.

आता कुठे ते सांगते. यांगशुओला दोन नद्या आहेत हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. फोटोत असते ती मोठी नदी म्हणजे ली, गुइलिनहून खाली यांगशुओकडे वाहत येणारी, तिच्यात मोठ्या क्रूझ बोटी चालतात. आणि दुसरी तिची उपनदी युलोंग, छोटी, उथळ, संथ, दोन्ही बाजूला शेतं आणि मधूनच उभे डोंगर, तिथे इंजिनाच्या बोटी नाहीत, बांबूचा तराफा आणि मागे उभा राहून लांब काठीने तो ढकलणारा नावाडी, बस्स. मुलांसाठी युलोंगच. गावात म्हणजे वेस्ट स्ट्रीटवर हॉटेल घेऊ नका, तिथे रात्री उशिरापर्यंत गाणी, बार, गर्दी, एक संध्याकाळ फिरून यायला ठीक आहे पण पाच वर्षांचं मूल तिथे झोपणार नाही. युलोंगच्या काठी ज्योशियनसारखी जुनी गावं आहेत, त्यांच्या आसपास भरपूर होमस्टे आणि छोटी हॉटेलं आहेत, सकाळी दार उघडलं की समोर डोंगर, बदकं, शेतात जाणारी माणसं. मुलांना तिथे वेगळा 'प्रोग्राम' लागत नाही हो, खरंच नाही लागत, पाण्यात खडे टाकण्यात एक तास जातो.

म्हणूनच जाऊबाईंचं मला पटत नाही. डिस्नेलँड वाईट नाही, मुलं तिथेही खूश होतील, पण तुम्हाला ते डोंगर बघायचेत आणि तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणजे बरोबर प्रश्न विचारायच्या वयात. ती विचारेलच की हे डोंगर असे एकेकटे सरळ उभे का आहेत, आपल्या माळशेज घाटात असे का नाहीत. तर तिला सांगायला तयार राहा. ही जागा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी होती, शंख-शिंपले आणि समुद्रातल्या जीवांचे अवशेष साचून साचून चुनखडीचा जाड थर झाला, मग जमीन वर आली आणि पाऊस लागला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आंबट होतं आणि चुनखडी त्या पाण्यात हळूहळू विरघळते, भेगांमधून पाणी आत शिरतं, आत गुहा होतात, वरचं विरघळून जातं आणि जे उरतं ते हे सुळके. आपला सह्याद्री वेगळाच, तो लाव्हाचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरला आणि थंड होऊन बेसॉल्ट झाला, म्हणून आपल्याकडे डोंगरांना पायऱ्या पायऱ्या आणि वर सपाट माथा दिसतो. बेसॉल्ट असा पाण्यात विरघळत नाही. जाताना घरून बेसॉल्टचा एक फोटो काढून न्या आणि तिथल्या नदीकाठचा दगड बाजूला धरून दाखवा, शाळेच्या भूगोलातलं कळतं ते असं. अशा विरघळून घडलेल्या चुनखडीच्या प्रदेशाला कार्स्ट म्हणतात, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत 'दक्षिण चीन कार्स्ट' २००७ ला आलं आणि गुइलिनचा हा भाग त्यात २०१४ ला जोडला गेला.

बरं, आता बोटीचं. बांबूच्या तराफ्यावर दोन माणसांच्या खुर्च्या असतात, म्हणजे सासूबाई सोडून तुम्ही चौघं असाल तर दोन तराफे, एका मोठ्या माणसाबरोबर एक मूल असंच बसायचं, दोन्ही मुलं एकत्र बसायचा हट्ट करतील तो अजिबात ऐकू नका. लाइफ जॅकेट देतात, ते मुलाच्या मापाचं आहे का बघा, वरचा बेल्ट घट्ट करा, फोटोसाठी काढू देऊ नका. नदीत मधेमधे छोटे बांध आहेत, तिथून तराफा नाक खाली करून घसरतो आणि पाय ओले होतात, मुलं तिथे किंचाळतात आणि परत परत हवं म्हणतात, त्यामुळे बूट नको, सँडल घाला आणि मोबाइल पाउचमध्ये ठेवा. फार लहान मुलांना आणि वय झालेल्यांना तराफ्यावर घेत नाहीत, त्यासाठी उंचीची आणि वयाची अट असते, म्हणून तिकीट काढायच्या आधी हॉटेलवाल्यांना मुलाची उंची सेंटीमीटरमध्ये आणि सासूबाईंचं वय सांगून विचारून घ्या, आणि तिकिटावर पासपोर्ट लागतो. पाऊस होऊन पाणी चढलं तर तराफे बंद ठेवतात, ती चांगली गोष्ट आहे, तिथे दुसऱ्या कोणी 'मी नेतो' म्हटलं तर जाऊ नका. तुमच्या वेळेला पावसाची शक्यता कमी असते, तिकडचा जोराचा पाऊस एप्रिल ते जून, म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी तिथे जायला अगदी चुकीची आणि दिवाळीची सुट्टी अगदी योग्य. १ ऑक्टोबरपासूनच्या त्यांच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीतली गर्दीही तोपर्यंत संपलेली असते.

आणि सेफ्टीबद्दल एक वेगळी गोष्ट. तराफ्यापेक्षा मला काळजी काठाची वाटते. होमस्टेच्या समोर नदी असते आणि कठडा असेलच असं नाही, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, आणि बांधाच्या खाली पाणी दिसतं तेवढं साधं नसतं. पहिल्याच दिवशी मुलांना नियम सांगा की मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही. मुलाला पोहायला येत असलं तरी हाच नियम ठेवा.

आता तुमच्या पॅकेजमधल्या गोष्टी एकेक बघू. लोंगजी काढून टाका. यांगशुओहून एका बाजूने तीन तासांच्या वर प्रवास, शेवटचा घाट वळणावळणाचा, तुमच्या मुलाला गाडी लागते, वर पोचल्यावर नुसत्या पायऱ्या म्हणजे सासूबाई खालीच बसणार, आणि नोव्हेंबरात भात कापून झालेला असतो, म्हणजे ज्या फोटोसाठी लोक जातात ते दिसणारही नाही. गुइलिन शहराचा दिवसही या ट्रिपमध्ये नको, गुहा बघायचीच असेल तर यांगशुओहून कारने जाता येईल अशी सिल्व्हर केव्ह आहे, आत रंगीत लाइट लावलेत, ते मला फारसे आवडत नाहीत पण मुलांना आवडतात, शिवाय आत बरंच चालावं लागतं त्यामुळे तिथे सासूबाईंना नेऊ नका. एक गुहा पुरे.

राहिली क्रूझ. ली नदीतली गुइलिन ते यांगशुओ क्रूझ सुंदर आहे यात वाद नाही, ८० किलोमीटरच्या वर नदीमार्ग, पण चार तास आहेत आणि पाच वर्षांच्या मुलाचा उत्साह पहिल्या तासात संपतो. शिवाय ती एकाच दिशेने आहे, म्हणजे त्यासाठी गुइलिनला मुक्काम आलाच. त्याऐवजी ली नदीकाठच्या शिंगपिंग गावाला जा. त्या भागातलं ली नदीचं पात्र सगळ्यात देखणं आणि चीनच्या २० युआनच्या नोटेच्या मागे जो देखावा छापलाय तो तिथलाच. एक कॅश नोट जवळ ठेवा, हे मुद्दाम सांगतेय कारण तिकडे सगळे मोबाइलनेच पैसे देतात आणि ऐनवेळी नोट मिळत नाही. मुलीच्या हातात नोट द्या आणि म्हणा जागा शोध, कुठला डोंगर नोटेवर कुठे आहे ते जुळव. शिंगपिंगच्या वरच्या अंगाला नदीकाठी नऊ घोड्यांचा कडा आहे, दगडावरच्या काळ्या-पांढऱ्या डागांमध्ये घोडे शोधायचे, बोटीने गेलात तर तोही बघा, मोठ्यांना तीन-चार दिसतात आणि मुलांना कितीही दिसतात. तिथल्या ज्या बोटींना बांबू राफ्ट म्हणतात त्या खऱ्या बांबूच्या नाहीत, प्लास्टिकच्या पाइपच्या आणि मोटरच्या आहेत, आवाज करतात, पण फेरी छोटी असते त्यामुळे चालतं.

शिंगपिंग कधी करायचं याची एक सोय आहे. 'यांगशुओ' नावाचं हायस्पीड ट्रेनचं स्टेशन यांगशुओ गावात नाहीये, ते शिंगपिंगच्या जवळ आहे आणि गावापासून पाऊण-एक तास लांब. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी चेकआउट करून गाडी ठरवा, सामान गाडीत, शिंगपिंगला आरामात फिरा, जेवा आणि तिथून थेट स्टेशनवर. ट्रेन संध्याकाळची घ्या, घाई नको. ग्वांगझौ साउथहून यांगशुओ साधारण दोन-अडीच तास लागतात, ही लाइन २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाली, त्याआधी हाच प्रवास रात्रभराच्या बसचा होता. मुलाला ट्रेन लागणार नाही, ती फार स्थिर जाते. सहा वर्षांखालच्या मुलाला सीटशिवाय फुकट नेता येतं पण अडीच तास मांडीवर कशाला, अर्धं तिकीट काढून त्याला सीट घ्या, मुलीचं अर्धं लागेलच. बुकिंग साधारण पंधरा दिवस आधी उघडतं, नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच टाका, आणि ग्वांगझौ साउथ स्टेशन प्रचंड मोठं आहे, सिक्युरिटी चेक असतो, तासभर तरी आधी पोचा.

एक बारीक गोष्ट जी एजंट कधी सांगत नाहीत. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ तेव्हा तुमच्या मुलांच्या अंगात सहा वाजलेले असतात. शियांगगोंग टेकडीवरचा सूर्योदय सगळीकडे वाचाल, तो बघायला पहाटे पाचच्या आसपास निघावं लागतं म्हणजे मुलांचे रात्रीचे अडीच, नको, सोडून द्या. उलट रात्रीचा शो मात्र मस्त जमतो, तिकडे आठ म्हणजे आपले साडेपाच. ली नदीच्या पाण्यावरच, खरे डोंगर मागे ठेवून होणारा 'इम्प्रेशन लिउ सानजिए' हा शो २००४ पासून चालू आहे, झांग यिमौ आणि त्यांच्या टीमने बसवलेला, तेच २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याचे दिग्दर्शक, जवळजवळ सहाशे कलाकार आणि त्यात बरेच आसपासच्या गावांतले मच्छीमार आणि शेतकरी. सव्वा तासाच्या आतबाहेर संपतो, भाषा कळायची गरज नाही, अंधारात नदीवर लाल कापडाच्या लांबच लांब लाटा उठतात तेव्हा लहान मुलंही गप्प बसून बघतात. उघड्यावर असतो, नोव्हेंबरात रात्री नदीवर गारठा असतो, स्वेटर आणि सासूबाईंना शाल. हा एक खर्च मी नक्की करा म्हणेन.

बाकीच्या दिवसांना काय? सकाळी उशिरा उठा, तराफा एक दिवस, सायकल एक दिवस. युलोंगच्या काठाने सायकलसाठी रस्ता आहे, पुढे-मागे बसायच्या डबल सायकली मिळतात, लहानग्याला मागे सीट लावून मिळते का विचारा. इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने द्यायला लोक मागे लागतील, पण आपलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट चीनमध्ये चालत नाही आणि मुलांना घेऊन अनोळखी रस्त्यावर ते करू नये असं मला ठाम वाटतं. युलोंग पूल बघा, १४१२ सालचा, मिंग राजवटीतला दगडी कमानीचा, अजून उभा आहे आणि लोक त्यावरून येजा करतात. मून हिल या टेकडीला आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तुम्ही मुलीला घेऊन जा आणि मिस्टरांनी मुलासोबत खाली थांबावं, प्रत्येक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची नसते. सासूबाईंना वरून डोंगर बघायचे असतील तर रुयी शिखराला केबल कार आहे, गुडघ्यांना त्रास न देता तेवढं होतं.

नदीकाठी पाणकावळे घेऊन बसलेले म्हातारे मच्छीमार दिसतील. पूर्वी हे लोक खरंच या पक्ष्यांकडून मासे पकडायचे, पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधायची म्हणजे मोठा मासा गिळता येत नाही, आता ते मुख्यतः फोटोसाठी आहे आणि ते पैसे घेतात. मुलांना दोरीबद्दल प्रश्न पडेल, खरं काय ते सांगा. पक्षी मुलांच्या खांद्यावर ठेवू नका, चोच टोकदार असते, लांबून बघितलं तरी पुरतं.

आता सासूबाईंचं जेवण, जे मला माहितीये की तुमच्या मनात सगळ्यात वर आहे. नुसतं 'आम्ही व्हेज' म्हणून भागत नाही. तिकडे पालेभाजी डुकराच्या चरबीत परततात, तोफूत खिमा भरलेला असतो, गुइलिनच्या प्रसिद्ध राइस नूडल्सचा रस्सा हाडांचा असतो. त्यामुळे चिनी भाषेत एक कार्ड छापून घ्या, मांस नको, मासे नको, चरबी नको, मांसाचा रस्सा नको, तेलात करा, अंडं चालत असेल तर तेही लिहा. होमस्टेत राहण्याचा मोठा फायदा इथे आहे, मालकीणबाईंना आधीच मेसेज केला तर त्या भात, तेलात परतलेली भाजी, बटाट्याचे काप, टोमॅटो-अंडं, शेंगदाणे असं छान करून देतात, मार्केटमधल्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये एवढं कोणी ऐकत नाही. इंडियन जेवणाचं ठिकाण यांगशुओत सापडतं पण रोज तिथे जायचा बेत नको. घरून मेतकूट, दाण्याची चटणी, खाकरे, गरम पाणी घालून होणारा उपमा न्या. तूप, पनीर, श्रीखंड, ताजी फळं नेऊ नका, दुधाचे पदार्थ आणि फळं तिकडे कस्टम्समध्ये चालत नाहीत. गरम पाण्याची काळजी नको, चीनमध्ये सगळे गरम पाणीच पितात, ट्रेनमध्ये, स्टेशनवर नळ असतात, थर्मास तेवढा घ्या. आणि त्या दिवसांत तिकडे पपनसं आलेली असतात, आपल्या कोकणातल्या पपनसाचेच भाऊबंद पण गोड, मुलं सोलून सोलून खातील.

मोबाइलचं इथूनच करून जा. अलिपे हे पैसे द्यायचं चिनी अॅप डाउनलोड करून त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, त्यातूनच टॅक्सीही बोलावता येते, ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. तिथल्या वायफायवर व्हॉट्सअॅप, गूगल, यूट्यूब काही चालत नाही, आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं. कार्टून आधीच डाउनलोड करा. पुढे देशांतर्गत विमानप्रवास असेल तर पॉवर बँकवर चीनचं ३सी हे सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह लागतं, २०२५ च्या जूनपासून नियम आहे, नसेल तर काढून घेतात, ट्रेनने जाणार असाल तर तो प्रश्न नाही. दिल्ली आणि कोलकात्याहून ग्वांगझौची थेट फ्लाइट २०२५ मध्ये परत सुरू झालीये, मुंबईहून एक बदल करून ती जमते का बघा. व्हिसा प्रत्येकाचा वेगळा, मुलांचाही, त्यांचे जन्मदाखले तयार ठेवा.

लोक मुलांचे फोटो काढायला येतील, प्रेमानेच येतात, पण मुलाला नको असेल तर तुम्ही हसून नाही म्हणा, त्याला जबरदस्तीने उभं करू नका.

होमस्टे बुक करताना तीन गोष्टी आधी मेसेज करून विचारा आणि उत्तर आल्यावरच पैसे भरा. परदेशी पाहुणे घेतात का, कारण २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते आणि छोट्या घरांना ते माहीत नसतं. स्टेशनवर घ्यायला गाडी पाठवतात का. आणि तळमजल्यावर खोली आहे का, या जुन्या घरांना लिफ्ट नसते आणि सासूबाईंना दिवसातून चार वेळा जिना चढायला लागता कामा नये.